विजेला वाट देणारा माणूस

मंडळी, शीर्षक वाचून हा एखाद्या सिद्धपुरुषावरचा लेख असावा असं वाटलं असेल, तर सांगून टाकतो. हा लेख एका इंजिनिअरबद्दल आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या जळलेल्या टीव्हीपासून होते.

२०२३ चा जुलै महिना. आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे ऑल्बनीजवळ सहा महिने राहायला आले होते. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं. आईने चिपळूणच्या सवयीने अर्जुनाची दहा नावं म्हणायला सुरुवात केली. बाबांनी टीव्हीची पिन काढायला सांगितली. मी हसलो. अमेरिकेत असं काही करावं लागत नाही, शिवाय आपल्याकडे सगळं सर्ज प्रोटेक्टरला लावलेलं आहे, असं ऐटीत सांगून मी पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. दहाच मिनिटांत शेजारच्यांच्या मेपलवर वीज कोसळली. कानठळ्या बसल्या, मुलगा किंचाळत आजीला जाऊन बिलगला.

घराला काही झालं नाही. दिवेसुद्धा गेले नाहीत, पॅनेलमधला एकही ब्रेकर पडला नाही. पण टीव्ही, मोडेम, राउटर, मुलाचा गेमचा खोका आणि गॅरेजचं दार उघडणारं यंत्र, अशा पाच वस्तू एका क्षणात गेल्या. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री असलेला मी मोडेमचे दिवे लागतात का म्हणून ते पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसलो. आयटीवाल्यांचा हा एकच रामबाण उपाय!

बाबांनी चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी घराभोवती एक फेरी मारली आणि मला बाहेर बोलावलं. घराच्या उजव्या बाजूला विजेचा मीटर होता, त्याच्या अर्थिंगची सळई तिथेच जमिनीत गेलेली. टीव्ही-इंटरनेटची केबल मात्र डाव्या बाजूने घरात शिरत होती आणि तिला वेगळीच सळई ठोकलेली. दोन्ही सळया एकमेकींना कुठेही जोडलेल्या नव्हत्या. जवळपास वीज पडली की तिथली जमीनच क्षणभर हजारो व्होल्टवर जाते, आणि थोड्या अंतरावरच्या दोन सळयांचा व्होल्टेज सारखा राहत नाही. आमच्या टीव्हीचा एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर होता, असं बाबांनी समजावलं. होडी हलली आणि टीव्ही बुडाला. राहता राहिला माझा सर्ज प्रोटेक्टर. बाबांनी तो उलटा करून चष्म्याखालून वाचला. ती नुसती सहा पॉइंटची एक्स्टेंशन पट्टी निघाली.

मग बाबांनी विचारलं, की स्केनेक्टडी इथून किती लांब? म्हटलं, अर्धा तास, रोज त्यावरूनच जातो. बाबा थक्क झाले. आणि त्यांना इतकं कशाचं वाटतंय हे न कळून मीही थक्क झालो. मंडळाच्या ट्रेनिंगमध्ये त्यांच्या एका साहेबांनी स्टाइनमेट्झ हे नाव सांगितलं होतं, स्केनेक्टडीत बसून खोटी वीज पाडणारा माणूस म्हणून. चार वर्षं मी त्या एक्झिटवरून जात होतो आणि मला ते नाव ठाऊक नव्हतं. त्या उन्हाळ्यात लायब्ररीतून पुस्तकं आणून आम्ही बापलेकांनी त्याचं चरित्र वाचून काढलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

कार्ल आउगुस्ट रुडोल्फ स्टाइनमेट्झचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाउ शहरात झाला. ते शहर तेव्हा प्रशियात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील रेल्वेत नोकरीला. आई तो अगदी लहान असतानाच वारली, मग आजीने त्याला लाडाकोडात वाढवलं. जन्मापासून पाठीला कुबड, चालण्यात दोष, आणि मोठेपणीही उंची जेमतेम चार फूट. वडिलांना आणि आजोबांनाही कुबड होतं, म्हणजे दुखणं घराण्यातलंच. डोकं मात्र असं, की ब्रेस्लाउच्या विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्रात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिथल्या दोस्तांनी त्याचं टोपणनाव ठेवलं प्रोटिअस, ग्रीक पुराणातला हवं ते रूप घेणारा समुद्रदेव.

पण हा मुलगा नुसता पुस्तकी नव्हता. बिस्मार्कच्या जर्मनीत समाजवाद्यांवर बंदी असताना तो त्यांच्या पत्रासाठी लिहू लागला. पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. १८८८ मध्ये, डॉक्टरेट हातातोंडाशी आलेली असताना, घर सोडून तो झुरिकला पळाला. तिथे थोडे दिवस इंजिनिअरिंग शिकला. ऑस्कर आस्मुसेन नावाचा एक मित्र अमेरिकेला निघाला होता, त्याच्याबरोबर हाही बोटीत चढला. तिकीट अर्थातच सर्वांत खालच्या वर्गाचं.

१८८९ च्या जूनमध्ये बोट न्यूयॉर्कला लागली. एलिस बेट तेव्हा सुरू व्हायचं होतं, येणाऱ्यांची तपासणी कॅसल गार्डनला होई. १८८२ च्या कायद्याप्रमाणे जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर भार होईल, त्याला परत पाठवायचं. टेबलामागच्या अधिकाऱ्यासमोर कोण उभं होतं? चार फुटी, कुबडा, लंगडत चालणारा चोवीस वर्षांचा तरुण. इंग्रजी तोडकंमोडकं, खिसा रिकामा. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे त्याला परत पाठवायचं ठरवलं. आस्मुसेन मध्ये पडला. स्वतःजवळचे पैसे दाखवून, याची जबाबदारी माझी, असं त्याने सांगितलं आणि स्टाइनमेट्झ आत आला.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर फाईल छातीशी धरून उभे राहिलो आहोत. आई-बाबांच्या व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री मी इथे जागा होतो. खिडकीपलीकडच्या माणसाकडे दोन मिनिटं असतात आणि समोरच्याच्या डोक्यात काय आहे हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्या दिवशी नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याची काही चूक नव्हती. पण मित्र शेजारी नसता तर अमेरिका काय परत पाठवत होती, ते पुढे पाहा.

याँकर्सला रुडॉल्फ आयकेमायर नावाच्या कारखानदाराने त्याला कामावर ठेवलं. पगार आठवड्याला बारा डॉलर. हा कारखाना मुळात टोप्या बनवायची यंत्रं करणारा, पण तिथे विजेच्या मोटरीही बनू लागल्या होत्या. मोटरीतल्या लोखंडाला विजेच्या बदलत्या प्रवाहामुळे सारखी चुंबकत्वाची दिशा बदलावी लागते, त्यात ते तापतं आणि वीज वाया जाते. किती वाया जाईल हे यंत्र बांधून चालवल्याशिवाय कळत नसे. स्टाइनमेट्झने मोजमापं घेतली आणि ते आधीच कागदावर काढता येईल असा नियम १८९२ च्या जानेवारीत इंजिनिअरांच्या सभेत मांडला. सव्वीस वर्षांचा हा मुलगा एका दिवसात नावारूपाला आला.

पुढच्या वर्षी, १८९३ मध्ये, त्याने शिकागोच्या विद्युत परिषदेत आणखी मोठं काम पुढे ठेवलं. एसी करंट सतत बदलत असतो, त्यामुळे त्याची गणितं कॅल्क्युलसने करता करता पानंच्या पानं भरत. स्टाइनमेट्झने वर्गमूळात उणे एक असलेली ती काल्पनिक संख्या आणली आणि सगळं साध्या बेरीज-गुणाकारावर आणून ठेवलं. माझी पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकलची केटी चार मार्कांनी वाचली, ती या पद्धतीच्या कृपेने. तेव्हा मी ज्याने कोणी हा जे शोधला त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. आज जाहीर माफी मागतो.

आयकेमायरची कंपनी लवकरच नव्याने निघालेल्या जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली. कंपनीबरोबर हा हिराही त्यांच्याकडे आला आणि १८९४ मध्ये स्केनेक्टडीला गेला तो कायमचा. याच सुमाराला नागरिकत्वाच्या कागदांवर त्याने कार्लचं चार्ल्स केलं आणि मधल्या दोन नावांच्या जागी मित्रांनी दिलेलं प्रोटिअस लिहून टाकलं.

इथे ती प्रसिद्ध दंतकथा सांगायलाच हवी. आयटीतल्या प्रत्येकाच्या फोनवर ती एकदा तरी येऊन गेलेली असते. फोर्डच्या कारखान्यात एक मोठा जनरेटर बिघडतो. स्टाइनमेट्झ येऊन दोन दिवस त्याचा आवाज ऐकत बसतो, शेवटी खडूने एक फुली मारतो आणि तिथली काही वेटोळी काढायला सांगतो. यंत्र सुरू होतं. बिल येतं दहा हजार डॉलरचं. तपशील मागितल्यावर कळतं, की खडूच्या फुलीचा एक डॉलर, आणि फुली कुठे मारायची ते माहीत असण्याचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. आम्हा कन्सल्टंट लोकांचं हे कुलदैवत म्हणायला हरकत नाही. दंतकथा बाजूला ठेवली तरी माणूस होताच तसा. त्याच्या नावावर दोनशेच्या आसपास पेटंटं आहेत.

घरची गोष्ट मला जास्त भिडली. आपलं दुखणं मुलांना जाईल या भीतीने त्याने लग्न न करण्याचं ठरवलं होतं. वेंडेल अव्हेन्यूवर मोठं घर बांधलं, मागे प्रयोगशाळा, काचघरात कॅक्टस आणि ऑर्किड, पाळलेल्या मगरी आणि घोरपडीच्या जातीचे प्राणी. सगळं होतं, माणसं नव्हती. जोसेफ हेडन हा त्याचा तरुण सहायक. १९०३ मध्ये हेडनचं लग्न झालं, तेव्हा स्टाइनमेट्झने त्या दोघांना आपल्याच घरी राहायला बोलावलं. हेडनची बायको कॉरिन खमकी होती. घर ती चालवणार, आणि जेवायच्या वेळेला प्रयोग अर्धा टाकून दोघांनी टेबलावर यायचं, हे तिने ठरवून दिलं. पुढे स्टाइनमेट्झने हेडनला रीतसर दत्तक घेतलं. तीन नातवंडं झाली. रक्ताचं नातं नसलेला हा आजोबा मुलांना गोष्टी सांगे, प्रयोग करून दाखवी. आईने हा भाग ऐकला आणि म्हणाली, की माणसाला घर लागतं, मग ते जन्माने मिळो नाहीतर जमवून.

गावासाठीही त्याने बरंच केलं. १९११ मध्ये स्केनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आला, तेव्हा स्टाइनमेट्झ शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाला. शाळेत जेवण, शाळेत नर्स, फुकट पुस्तकं आणि बाहेरदेशातून आलेल्यांच्या मुलांसाठी वेगळे वर्ग, अशी कामं त्याच्या मंडळाने केली. बंदरावर अडवलेला माणूस हे विसरला नव्हता, एवढं खरं.

आता विजेकडे येतो. त्या काळी तारा गावोगाव पोचत होत्या आणि पावसाळी वादळात ट्रान्सफॉर्मर जळत होते, घरंच्या घरं अंधारात जात होती. वीज थेट तारेवर पडायचीही गरज नसते. जवळ पडली तरी तारेत व्होल्टेजची लाट उठते. पाण्याचा नळ जोरात सुरू असताना एकदम बंद केला की पाइपला धाडकन धक्का बसतो, तसं काहीसं. प्रवाह अचानक चालू-बंद झाला किंवा अचानक धक्का बसला तर तारेत क्षणभर काय होतं, या क्षणभराचं शास्त्र स्टाइनमेट्झने मांडलं. १९०९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आज आपण ज्याला सर्ज म्हणतो तो हाच.

मोहॉक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी त्याची लाकडी खोपटी होती. होडीत आडवी फळी टाकून तो पाण्यावर तरंगत गणितं करत बसे. १९२० मध्ये या खोपटीवर वीज पडली. सामानाची मोडतोड झाली, आरशाच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसऱ्या कोणी इन्शुरन्सवाल्याला गाठलं असतं. याने आरशाचा एकेक तुकडा वेचला आणि कोडं जुळवावं तसा आरसा पुन्हा जुळवला. विजेने काचेवर कुठून कुठे वाट काढली, ते त्याला त्या चिरांत वाचता आलं.

पण आकाशातल्या विजेची वाट पाहत किती बसणार? मग त्याने वीजच बनवायची ठरवली. काचेच्या पत्र्यांच्या मोठ्या कपॅसिटरांमध्ये हळूहळू विद्युतभार साठवायचा आणि एका झटक्यात सोडायचा. १९२२ मध्ये ही खोटी वीज त्याने लोकांना दाखवली. १,२०,००० व्होल्ट, १०,००० अँपिअर, ताकद दहा लाख हॉर्सपॉवरच्या वर, आणि हे सगळं सेकंदाच्या एक लाखाव्या भागात. लाकडाचे ठोकळे फुटले, खेळण्यातल्या गावातलं झाड चिरलं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द एडिसन स्केनेक्टडीला आला. खोट्या विजेने फोडलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरचे तुकडे हे दोन म्हातारे न्याहाळताहेत, असा फोटो आहे.

ही आतषबाजी कशासाठी? लाइटनिंग अरेस्टर तपासण्यासाठी. विजेला अडवता येत नाही. ढगापासून जमिनीपर्यंत हवेला भेदून येणारी वीज तुमच्या रबराला किंवा लाकडाला काय भीक घालणार? तिला जमिनीकडे जायचं असतं, तर आपण तिला आपल्या यंत्रांना वळसा घालून जाणारी सोपी वाट द्यायची. अरेस्टर म्हणजे अशा वाटेवरचा पहारेकरी. रोजच्या व्होल्टेजला दार बंद, लाट आली की क्षणात दार उघडं, लाट गेली की पुन्हा बंद. हा पहारेकरी वेळेवर जागा होतो का, हे खऱ्या वादळाची वाट न बघता प्रयोगशाळेत कळू लागलं.

आपल्या घरात बसवायचं सर्ज प्रोटेक्टर हे याच अरेस्टरचं नातवंड. त्यात आत असते मेटल ऑक्साइडची एक चकती. ही चकती १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये तयार झाली. तर बाबांनी मला करायला लावलेल्या गोष्टी तुम्हालाही सांगतो.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची, अर्थिंग. वीज, केबल, फोन, डिश, जे जे तारेने घरात येतं त्या सगळ्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी जोडलेलं हवं. सळया दोन असल्या तर जाड तारेने एकमेकींना बांधलेल्या हव्यात. हे नसेल तर वरचा कितीही महाग प्रोटेक्टर फुकट. लाटेला वाटच नाही, तर पहारेकरी काय करणार?

दुसरी, पॅनेलवर सगळ्या घरासाठी एक सर्ज प्रोटेक्टर. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचंच. त्याच्या तारा जितक्या आखूड तितका तो चांगला चालतो. अमेरिकेच्या २०२० च्या विद्युत कोडने घरांसाठी तो आवश्यक केला, पण जुन्या घरात तो आपोआप उगवत नाही. दार उघडून बघा. आणि ब्रेकर आहे की, असं म्हणू नका. ब्रेकर जागा होईपर्यंत लाट येऊन, टीव्ही जाळून, निघूनही गेलेली असते.

तिसरी, टीव्ही-कॉम्प्युटरजवळची पट्टी. तिच्यावर यूएल १४४९ असा शिक्का आणि ज्यूलचा आकडा आहे का पाहा. नसेल तर ती माझ्यासारखी नुसती पट्टी. केबलची तारही त्याच पट्टीतून नेता आली तर उत्तम. आतली चकती प्रत्येक लाटेबरोबर थोडी झिजते, म्हणून तिचा छोटा दिवा विझला की पट्टी बदला.

चौथी, आईची. वादळ यायच्या आधीच पिना काढा, टीव्हीची आणि केबलचीही. घरावरच वीज पडली तर कुठलाच प्रोटेक्टर पुरेशी खात्री देऊ शकत नाही, काढलेली पिन देते. मात्र विजा डोक्यावर कडकडायला लागल्यावर काढायला धावू नका. तेव्हा प्लग, तारेचा फोन, नळ, शॉवर, कशालाही हात लावायचा नाही.

गावाकडे आई-वडील असतील तर सुट्टीत तिथलंही अर्थिंग तपासून घ्या. आमच्या चिपळूणच्या घरी मीठ-कोळसा घालून केलेलं अर्थिंग आहे आणि बाबा उन्हाळाभर त्यात बादलीने पाणी ओततात. लहानपणी मला वाटे, बाबा तिथे झाड लावताहेत.

स्टाइनमेट्झ खोट्या विजेनंतर फार दिवस जगला नाही. १९२३ च्या शरदात तो हेडन कुटुंबाला घेऊन रेल्वेने पश्चिम किनाऱ्यापर्यंत फिरून आला, दमला, आणि २६ ऑक्टोबरच्या सकाळी घरीच झोपेत गेला. वय अठ्ठावन्न. ओढ्याकाठची खोपटी पुढे हेन्री फोर्डने उचलून मिशिगनला नेली. डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये ती आजही आहे, तिकडच्या मंडळींनी मुलांना जरूर दाखवावी.

आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शनिवारी स्केनेक्टडीला गेलो. त्याला जाऊन शंभर वर्षं आणि दोन दिवस झाले होते. आधी गावातला पुतळा पाहिला, एडिसन आणि स्टाइनमेट्झ शेजारी शेजारी. माझा सात वर्षांचा मुलगा त्याच्या शेजारी उभा राहिला आणि आपण लवकरच याच्याएवढे होणार म्हणून खूश झाला. मग व्हेल दफनभूमीत गेलो. बाबांनी चपला बाजूला काढल्या, थंडी असूनही. सगळा उन्हाळा ते त्याला स्टाइनमेट्झसाहेब म्हणत होते. मंडळात असताना पावसाळ्यात खांबावर चढणाऱ्या आपल्या माणसांची त्यांना रोज काळजी वाटे. अरेस्टर नसते तर काय झालं असतं, एवढंच ते परतताना गाडीत म्हणाले.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आई-बाबा आमच्याकडेच होते. दाराबाहेर पणत्या, आत नवा टीव्ही, पॅनेलवर नवा प्रोटेक्टर आणि घराच्या दोन सळया जाड तांब्याच्या तारेने बांधलेल्या. आईने पूजेच्या ताटातलं हळदकुंकू आणि दोन अक्षता त्या पॅनेललाही वाहिल्या. मी या वेळी हसलो नाही.

तुम्हा सर्वांना ही दिवाळी उजेडाची आणि सुरक्षित जावो. पणत्या लावून झाल्या की एकदा घराभोवती फेरी मारा आणि आपल्या सळया जोडलेल्या आहेत ना, ते बघून या.